मध्यस्थ हरवला तेव्हा

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. त्यातला भद्रेश्वर दीक्षित वृद्ध भुजंगनाथाचे लग्न कोवळ्या शारदेशी लावण्याचा घाट घालतो. मध्यस्थ लबाड होता, पण त्याला चेहरा होता; चार माणसांत त्याला जाब विचारता येत होता.

बोईसरजवळच्या बेटेगावाच्या परिसरात ही जुनी व्यवस्था विरळ होताना दिसते. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि ठिकठिकाणची माणसे भाड्याच्या खोल्यांत येऊन राहिली. सोयरिकीची चौकशी करायला मामा-काका जवळ नव्हते. ती जागा आधी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींनी, नंतर विवाहविषयक संकेतस्थळांनी आणि मोबाइलने घेतली.

धोका सरकारच्याही ध्यानात आला. ६ जून २०१६ रोजी केंद्राने अशा संकेतस्थळांसाठी सूचना काढल्या. सदस्यांची ओळख पडताळून पाहा, असे त्यांत बजावले होते. तरीही जुलै २०२४मध्ये याच पालघर जिल्ह्यातल्या नालासोपाऱ्याच्या एका महिलेच्या तक्रारीवरून कल्याणमधून एकाला अटक झाली. संकेतस्थळांवरून घटस्फोटित आणि विधवा स्त्रियांना हेरून त्याने वीसहून अधिक जणींना फसवले, असे पोलिसांचे म्हणणे होते.

अनेकदा तर फसवणारा प्रत्यक्ष समोर येतच नाही. परदेशातला डॉक्टर किंवा जहाजावरचा अधिकारी म्हणून तो ओळख वाढवतो. सकाळ-संध्याकाळ विचारपूस करतो, लग्नाचा शब्द देतो आणि ‘घरी इतक्यात सांगू नकोस’ म्हणतो. मग भेटवस्तूंचे पार्सल विमानतळावर अडकते, ‘कस्टम’मधून फोन येतो. पहिली रक्कम लहान असते. ती बुडू नये म्हणून दुसरी भरली जाते, दुसरीसाठी तिसरी. खरे सीमाशुल्क कार्यालय कोणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही, हे त्या घडीला आठवत नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड कलमात अशा तोतयेगिरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण त्यासाठी तक्रार व्हावी लागते. पैशांबरोबर एक माणूसही गेलेले असते, आणि ते कधी नव्हतेच. या दुःखाला सुतक नाही. उलट ‘शिकलेली असून फसलीस कशी?’ हा प्रश्न तयार असतो. १९३० हा मदत क्रमांक तासाभरात फिरवला तर पैसे रोखले जाण्याची शक्यता अधिक. लाजेपायी नेमका तोच वेळ जातो.

भद्रेश्वराला गावाची भीती होती. आजच्या ठगाला तीच भीती उपयोगी पडते. फक्त ती आता फसलेल्या बाईच्या मनात असते.