'जुडास' म्हणून ओरडलेला तो रसिक

१७ मे १९६६, मंगळवार. मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये बॉब डिलनचा कार्यक्रम होता. आपल्या कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतो ना, तसे त्या दौऱ्यात कार्यक्रमाचे दोन भाग असत. पहिल्या भागात डिलन एकटा, साधी गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन गायचा. सभागृह इतकं शांत की टाचणी पडली तरी ऐकू यावी. मध्यंतरानंतर तोच डिलन इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून यायचा, सोबत 'हॉक्स' नावाचा बँड (हेच लोक पुढे 'द बँड' म्हणून गाजले), आणि मग गडगडाट!

त्या रात्री या उत्तररंगात लोक दोन गाण्यांच्या मधे संथ लयीत टाळ्या वाजवू लागले. इंग्लंडमध्ये ही दाद नव्हे, 'पुरे करा आता' असा तिचा अर्थ. एका मुलीने मंचापाशी जाऊन चिठ्ठी दिली, 'बँडला घरी पाठव'. डिलनने ती वाचून खिशात टाकली. शेवटच्या गाण्याआधी मात्र एकजण ओरडला, "जुडास!" आपल्या मराठी बायबलातला यहूदा, तीस नाण्यांसाठी येशूला पकडून देणारा. डिलन म्हणाला, माझा तुझ्यावर विश्वास नाही, तू खोटारडा आहेस. मग बँडकडे वळून त्याने आवाज वाढवायला सांगितला, आणि तेही एक सणसणीत शिवी घालून.

ही गोष्ट नेहमी एकाच पद्धतीने सांगतात. कलावंत काळाच्या पुढे, श्रोते मागासलेले, त्यांना विजेचं वावडं. सांगणारा अर्थातच कलावंताच्या बाजूने असतो, कारण निकाल त्याला आधीच ठाऊक असतो. मला मात्र त्या श्रोत्यांची बाजू कुतूहलाची वाटते. डिलन बँड घेऊन येणार हे त्यांना माहीत नव्हतं थोडंच! 'लाइक अ रोलिंग स्टोन' १९६५ मध्येच ब्रिटनच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात आणि ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्समध्ये हुर्यो उडून झाली होती. हॉक्सचा ड्रमर लेव्हन हेल्म तर रोजच्या हुर्योला कंटाळून नोव्हेंबरमध्ये बँड सोडून गेला होता. एवढं सगळं होऊनही ही मंडळी पैसे देऊन, तिकीट काढून गेली. न आवडणाऱ्या माणसाकडे कोण जातं हो?

ब्रिटनमधलं त्या काळचं लोकसंगीत वाढलं ते फोक क्लबांमध्ये. दारूच्या गुत्त्याच्या माडीवरची एखादी खोली, मायक्रोफोन नाही, गाणारा आणि ऐकणारे हातभर अंतरावर, ध्रुवपद सगळ्यांनी मिळून म्हणायचं. अणुबॉम्बच्या विरोधात ऑल्डरमास्टनचे मोर्चे निघत तेव्हाही हे लोक गात चालत. मँचेस्टरच्या शेजारच्या सॅलफर्डचा इवन मॅकॉल हा या चळवळीतला मोठा माणूस. त्याच्या लंडनमधल्या सिंगर्स क्लबात तर नियमच होता की गायकाने आपल्याच मातीतली, आपल्याच भाषेतली गाणी गायची. मला विचाराल तर हा नियम जरा सोवळ्यातलाच. पण त्यामागची समजूत लक्षात घ्यायला हवी, ती म्हणजे गाणं कुणा एकाचं नसतं.

आणि डिलनचं गाणं तरी कुठून आलं होतं? १९६२ च्या डिसेंबरात तो पहिल्यांदा लंडनला गेला, फोक क्लबांत बसला, मार्टिन कार्थीकडून त्याने 'स्कारबरो फेअर' ऐकलं. त्यातून 'गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री' झालं. 'अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल'चा प्रश्नोत्तरांचा साचा 'लॉर्ड रँडल' या जुन्या ब्रिटिश पोवाड्याचा. 'ब्लोइंग इन द विंड'ची चाल गुलामीच्या काळातल्या एका कृष्णवर्णीय गाण्यावरून घेतलेली. यात चोरी काहीच नाही, लोकसंगीत असंच चालतं. गावच्या विहिरीतून कुणीही पाणी भरावं. फक्त त्या विहिरीवरचे लोक मग भरणाऱ्याला आपलाच समजतात. मँचेस्टरच्या त्या पोरांची तक्रार इथून सुरू होते असं मला वाटतं.

दुसरं कारण अगदीच साधं, आणि म्हणून कुणी फारसं सांगत नाही. ऐकू येत नव्हतं! फ्री ट्रेड हॉल १८५६ साली बांधून झाला, धान्य कायदे रद्द झाल्याच्या स्मरणार्थ. पुढे हॅले ऑर्केस्ट्राचं ते घर झालं. म्हणजे ध्वनिवर्धकाविना वाजणाऱ्या वाद्यांची ही जागा. तिथे १९६६ ची यंत्रणा लावून ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवल्या की मागच्या रांगांत शब्दांचा चिखल होणार. आज आपण सीडीवर ऐकतो ते मंचावरच्या मायक्रोफोनवरून केलेलं ध्वनिमुद्रण, स्वच्छ आणि थरारक. वरच्या सज्जातल्या माणसाला ते मिळालेलं नव्हतं. 'जुडास' म्हणून ओरडलो ते आपणच, असं पुढे दोघांनी सांगितलं. त्यातल्या एकाचं म्हणणं हेच होतं की राग इलेक्ट्रिकचा कमी आणि भिकार आवाजाचा जास्त होता. न्यूपोर्टला पीट सीगर भडकला तोही शब्द कळेनात म्हणून, असं त्याने नंतर सांगितलं. ज्या माणसाच्या शब्दांसाठी तुम्ही जीव टाकता, त्याचेच शब्द कळू नयेत... राग येणारच.

तरीही 'जुडास' हा शब्द वाईटच. ज्यू घरात जन्मलेल्या माणसाला तो वेगळा डाचतो. ओरडणाऱ्याच्या मनात ते असेलच असं नाही, पण डिलन २०१२ सालच्या एका मुलाखतीतही त्यावर कडवटपणे बोलला. गंमत अशी, की जुडास हा शिष्य होता, गुरू नव्हे. म्हणजे त्या आरोळीत विश्वासघात करणारा चेला गायक, आणि सुळावर गेलेले ते श्रोते! शंभर भाषणांत चाहत्याचं मन इतकं उघडं पडलं नसतं.

पुढे जुलै १९६६ मध्ये डिलनला मोटरसायकलचा अपघात झाला आणि दौरे थांबले ते थेट १९७४ पर्यंत. तेव्हा हाच बँड, हीच गाणी, आणि तिकिटांवर उड्या. हुर्यो कुठेच नाही. मग १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला त्याने फक्त नवी ख्रिस्ती भक्तिगीतं गायली, जुनं एकही गाणं नाही. पुन्हा ओरड. १९८८ पासून तो जवळजवळ अखंड फिरू लागला तर चाली ओळखू येत नाहीत ही तक्रार. तक्रार करणारे पुढच्या वेळी पुन्हा रांगेत. माझ्या ओळखीतले एक काका दरवर्षी सवाई गंधर्वला जाऊन 'आता पूर्वीसारखं राहिलं नाही' म्हणतात, त्यांना हे समजावून सांगायची गरज पडणार नाही.

मँचेस्टरच्या श्रोत्यांची मात्र एक तक्रार अगदी रास्त आहे. त्या रात्रीचं चोरटं ध्वनिमुद्रण वर्षानुवर्षं लंडनच्या 'रॉयल अल्बर्ट हॉल'च्या नावाने विकलं गेलं. १९९८ मध्ये अधिकृत आवृत्ती आली, तिच्यावरही अवतरणचिन्हांत तेच नाव. २०२४ च्या 'अ कम्प्लीट अननोन' या चित्रपटात तर ती आरोळी चक्क न्यूपोर्टला, १९६५ सालात नेऊन ठेवली आहे. फ्री ट्रेड हॉलचं २००४ मध्ये हॉटेल झालं. आरोळी तरी मँचेस्टरची मँचेस्टरला राहू द्यायची होती.