जठरनलिकेचे बंधन: एक ऐतिहासिक टिपण

नाकावाटे जठरात नळी उतरविण्याच्या इतिहासात नळ्या घडविणाऱ्यांची नावे आदराने नोंदली गेली. ती नाकाशी कशी बांधावी, हा प्रश्न मात्र परिचारिकांच्या हातावर सोडला गेला. वस्तुतः रुग्णाची सुरक्षितता आणि त्याची संमती या दोहोंची कसोटी या बंधनापाशीच लागते, असे प्रस्तुत टिपणात मांडावयाचे आहे.

१७९० च्या सुमारास जॉन हंटर यांनी, गिळण्याची शक्ती गमावलेल्या रुग्णाच्या जठरात ईल माशाच्या कातडीची नळी घालून अन्न पोचविले. १९२१ मध्ये लंडनच्या गाय रुग्णालयातील जॉन राइल यांनी जठररसाच्या परीक्षेसाठी बारीक रबरी नळी प्रचारात आणली. आपल्या रुग्णालयांत ‘राइल्स ट्यूब’ हे नाव आजही रूढ आहे. पुढे १९३० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत वँगनस्टीन यांनी आतड्याच्या अवरोधात नळीवाटे सतत शोषण करण्याची पद्धत रुजविली. तासाभरासाठी घातली जाणारी नळी आता दिवसेंदिवस नाकात राहू लागली आणि बंधनाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उपस्थित झाला.

बंधन सैल असेल तर नळी सरकते. अन्ननलिकेच्या वा जठराच्या शस्त्रक्रियेनंतर सरकलेली नळी आंधळेपणाने पुन्हा लोटल्यास टाक्यांना इजा पोचू शकते. उलटपक्षी, नळी कपाळाकडे ओढून चिकटविल्यास नाकपुडीच्या कडेवर दाब येऊन व्रण होतो. म्हणून नाकाची त्वचा स्वच्छ व कोरडी करून पट्टीचा अखंड भाग नाकावर लावावा, चिरलेली दोन टोके नळीभोवती गुंडाळावीत, नळी नाकपुडीच्या मध्यातून सरळ खाली येऊ द्यावी आणि तिचा भार गालावर वा कपड्यावर दुसऱ्या ठिकाणी अडकवावा, ही रीत स्थिर झाली. नाकपुडीशी केलेली खूण नळी सरकल्याचे दर्शविते. पट्टी मात्र नळी जठरातच आहे याची ग्वाही देत नाही. त्यासाठी ओढून घेतलेल्या द्रवाची आम्लता अथवा क्ष-किरण परीक्षाच पाहावी लागते. हवा सोडून पोटावर आवाज ऐकण्याची जुनी पद्धत विश्वसनीय ठरली नाही.

चुकीच्या मार्गाने गेलेली नळी किती घातक ठरते, याचे उदाहरण रुग्णालयाबाहेर सापडते. १९२९ मध्ये लाहोर तुरुंगात उपोषण करणाऱ्या जतींद्रनाथ दास यांना बळजबरीने अन्न देताना त्यांच्या फुप्फुसास इजा झाली. १३ सप्टेंबर रोजी त्यांचा अंत झाला. धरून ठेवलेल्या देहात विरोध हाच धोका बनतो.

याच्या उलट टोकाचे उदाहरण विनोबा भावे यांचे होय. तत्कालीन कुलाबा, सांप्रत रायगड जिल्ह्यातील गागोदे बुद्रुक येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेल्या विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनार येथे अन्न व औषध नाकारले आणि १५ नोव्हेंबर रोजी देह ठेवला. त्यांचा नकार मानला गेला. ते शल्यरुग्ण नव्हते. तथापि देहात काय शिरावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

शस्त्रक्रियेनंतर भ्रमात नळी उपसणाऱ्या रुग्णाचे हात बांधण्याचा मोह म्हणूनच तपासून घ्यावा लागतो. नळी टोचते काय, घसा सुकला आहे काय, तिची गरज अद्याप उरली आहे काय, हे आधी पाहिले पाहिजे. ज्याला नळीचे प्रयोजन समजावून दिले आहे आणि जिच्यापासून त्रास कमी होतो, अशी नळी रुग्ण बहुधा स्वतःच सांभाळतो.