शब्दकोशाच्या मागच्या दाराने

इंग्रजी शब्दकोशात शब्द शोधायचा तर त्याचे पहिले अक्षर माहीत असावे लागते, मग दुसरे, मग तिसरे. ही रचना आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही मर्यादा असेल असे मनात येत नाही. जॉन वॉकर यांनी १७७५ साली शब्दांच्या शेवटांवरून लावलेला कोश काढला. यमक शोधणाऱ्यांची त्याने सोय झाली, पण तिथेही निदान शेवट तरी ठाऊक असावा लागे. आता प्रश्न असा करून पाहा : क्यू, टी आणि झेड ही तिन्ही अक्षरे कुठेही, कोणत्याही क्रमाने असलेले शब्द कोणते? हजार पानांचा कोश मांडीवर असूनही इथे त्याचा उपयोग होत नाही. आत शिरायला मागचे दार शोधावे लागते. ते कसे उघडते, हा या विषयाचा गाभा.

‘इंग्रजी ही माझी मातृभाषा नाही, मला हे कसे जमणार?’ अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिला उत्तर आहे. इंग्रजी स्क्रॅबलचे जागतिक अजिंक्यपद २००३ साली थायलंडच्या पानुपोल सुज्जयाकोर्न यांनी मिळवले. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स तर फ्रेंच बोलता येत नसताना २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे विश्वविजेते झाले. इथे कस लागतो तो अक्षरांकडे पाहण्याच्या सवयीचा. मराठी शब्दकोडी सोडवणाऱ्यांना ती सवय निम्मी आधीच असते. फक्त आपल्या कोड्यात एका चौकटीत काना-मात्रेसह अख्खे अक्षर बसते, तर इंग्रजीत स्वरालाही स्वतःची वेगळी चौकट लागते. उच्चार मात्र बाजूला ठेवायला हवा. ‘लिसन’मधला टी कानाला ऐकू येत नसला तरी मोजणीत तो धरावाच लागतो.

नव्या वाचकांनी सुरुवातीलाच एक भेद नीट पाहावा, कारण बहुतेक गोंधळ तिथे होतो. दिलेली सगळी अक्षरे वापरून, एकही जास्त न घेता शब्द करणे हा एक खेळ. दिलेल्यांपैकी जमतील तेवढी वापरणे, म्हणजे स्क्रॅबल खेळणारा रोज करतो ते, हा दुसरा. दिलेली अक्षरे तर हवीतच, बाकी आणखी कितीही चालतील, हा तिसरा. आणि आपला विषय मुख्यतः हाच.

या तिन्हींमागची युक्ती एकच : शब्दाचा स्वतःचा क्रम मोडायचा आणि त्याची अक्षरे वर्णक्रमाने लावायची. ‘लिसन’ आणि ‘सायलेंट’ हे दोन्ही शब्द असे लावले की ई-आय-एल-एन-एस-टी हीच मालिका मिळते. जॉन बेंटली यांच्या ‘प्रोग्रामिंग पर्ल्स’ (१९८६) या पुस्तकामुळे ही पद्धत संगणकवाल्यांच्या पिढ्यांना परिचित झाली. तिचे मूळ मात्र संगणकाच्या कितीतरी आधीचे. रॉबर्ट हूक यांनी १६७६ साली स्प्रिंगचा आपला नियम छापला तो असाच अक्षरे वर्णक्रमाने लावून : सी, ई, तीन आय, एन, ओ, तीन एस, दोन टी, यू, व्ही. शोध आपल्या नावावर नोंदला जावा, पण इतरांना इतक्यात कळू नये, हा हेतू. दोन वर्षांनी त्यांनी मूळ लॅटिन वाक्य उघड केले. ‘जितके ताणावे तितके बल’ असा त्याचा आशय. हूक यांनी लपवण्यासाठी जे केले, तेच आपण शोधण्यासाठी करतो.

आता क्यू-टी-झेडकडे वळू. ‘क्वार्ट्झ’ची अक्षरे वर्णक्रमाने लावली की ए-क्यू-आर-टी-यू-झेड असे होते. मध्ये काहीही आले तरी क्यू, मग टी, मग झेड ही आपली तीन अक्षरे त्याच क्रमाने भेटतात. मध्य अमेरिकेतल्या ‘क्वेट्झल’ या पक्ष्याच्या नावातही तेच. वर्णक्रम लावलेल्या यादीवरून एकदाच डावीकडून उजवीकडे नजर फिरवायची; एखादे अक्षर दोनदा हवे असेल तरी ही रीत चुकत नाही.

आणखी एक रीत मला विशेष प्रिय आहे. प्रत्येक अक्षराला एक मूळसंख्या द्यायची : एला २, बीला ३, सीला ५, डीला ७, ईला ११. मग शब्द म्हणजे त्या संख्यांचा गुणाकार. ‘बॅड’ होतो ४२ आणि मण्याला इंग्रजीत म्हणतात तो बी-ई-ए-डी होतो ४६२. ४६२ ला ४२ ने निःशेष भाग जातो, म्हणजे पहिल्याची सगळी अक्षरे दुसऱ्यात आहेत. भागाकार ११ येतो आणि जास्तीचे अक्षर ई आहे, हेही सांगून जातो. लांब शब्दांचे गुणाकार अवाढव्य होतात हे खरे, पण शालेय गणिताचा इतका देखणा उपयोग क्वचितच दिसतो.

कागद-पेन्सिलीने शोधणाऱ्यांनी सर्वांत दुर्मीळ अक्षरापासून सुरुवात करावी. कोणते अक्षर दुर्मीळ, हे स्क्रॅबलच्या सोंगट्याच सांगतात. मंदीच्या काळात काम गमावलेले अमेरिकन वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स हे या खेळाचे जनक; त्यांनी वृत्तपत्रांतली अक्षरे मोजून सोंगट्यांचे प्रमाण ठरवले. शंभरांत ई बारा. क्यू, जे, एक्स, झेड प्रत्येकी एक. एस मुद्दाम चारच, नाहीतर अनेकवचने करून खेळ फार सोपा झाला असता. क्यू हाती आला की शेजारी बहुधा यू असणार, एवढ्याने निम्मे काम होते.

शोधाआधी शब्दयादी कोणती धरायची ते तेवढे ठरवून घ्या. कॉलिन्सच्या स्क्रॅबल यादीत पावणेतीन लाखांहून जास्त शब्द आहेत आणि क्यू-आय हा दोन अक्षरी शब्दही तिथे चालतो. घरातल्या छोट्या कोशात तो सापडेलच असे नाही. सरावाला ए-ई-आय-एन-आर-एस-टी ही सात अक्षरे घ्या. सगळी एकेकदा वापरून किमान सात शब्द होतात. ‘रिटेन्स’ आणि ‘नॅस्टिअर’ हे दोन मी दिले. उरलेले तुम्ही शोधा.