तटाच्या आतली वसई, तटाबाहेरची वसई

(सांडोर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? पंखा थोडा कमी केला तर बरं होईल. माझा आवाज आता वर्गात होता तसा राहिलेला नाही.

मला विषय दिला होता, ‘दक्षिणेतलं एक लहान ऐतिहासिक शहर : प्रवाशाच्या नजरेतून’. मी फोनवर विचारलं, दक्षिणेतलं म्हणजे कोणतं? तंजावर? तरंगंबाडी? पलीकडून उत्तर आलं, सर, तुम्ही ठरवा. मग मी म्हटलं, सांडोरला येऊन दुसऱ्या गावाबद्दल कशाला बोलू? वसईबद्दलच बोलतो.

आता तुम्ही म्हणाल, वसई दक्षिणेत कुठली? बघा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. गुजरातच्या बहादूरशहाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, वसई म्हणजे माझ्या राज्याचं दक्षिणेचं टोक. मोगलांच्या भीतीपोटी २३ डिसेंबर १५३४ रोजी त्याने हे टोक, आसपासच्या बेटांसकट, पोर्तुगीजांना तहाने देऊन टाकलं. त्या बेटांत मुंबईही होती, पण तेव्हा तिला कोण विचारतो! पोर्तुगीजांच्या हातात आल्याबरोबर हीच वसई उत्तरेची झाली. कारण ते बघत होते गोव्यातून. त्यांनी या मुलखाला नावच दिलं ‘उत्तरेचा प्रांत’, आणि त्याची राजधानी वसई. जमीन बोटभरही हलली नाही, बघणारा बदलला. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. हे उदाहरण तेव्हा सुचलं असतं तर मुलं कमी झोपली असती.

तर आज आपण बघणाऱ्यांबद्दल बोलणार आहोत. वसईला आलेले तीन पाहुणे मी निवडले आहेत. तिघेही युरोपातले, तिघांनीही लिहून ठेवलं. आपल्याकडच्या माणसांनी असं प्रवासवर्णन लिहिलं असतं तर मी तेच घेतलं असतं, हे आधीच सांगतो.

पहिला पाहुणा जॉन फ्रायर. इंग्रज डॉक्टर, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला. तो १६७५ साली वसईत आला तो एका बड्या पोर्तुगीज घरातल्या रुग्णाला तपासायला. त्याचं पुस्तक १६९८ साली लंडनला छापलं गेलं. आता डॉक्टर घरात शिरतो, त्यामुळे त्याला घरं दिसतात. फ्रायरने तटाच्या आतले वाडे पाहिले : झाकलेल्या गॅलऱ्या, दोन मजली उंच खिडक्या, आणि खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं. ही शिंपल्यांची तावदानं गोव्याच्या जुन्या घरांत अजून दिसतात. उन्हाचा ताव जातो आणि दुधाळ उजेड तेवढा आत येतो. फ्रायर पुढे मोजदाद करतो : सहा चर्चेस, चार मठ, दोन कॉलेजं, एक जेझुइटांचं आणि एक फ्रान्सिस्कनांचं. ग्रंथालय होतं, त्याचाही उल्लेख आहे.

आणि मग एक वाक्य तो जाता जाता लिहून जातो. तटाच्या आत रात्री फक्त ख्रिस्ती राहतात. संध्याकाळी नगारा वाजला की वाणी-व्यापारी बाहेरच्या वस्तीत निघून जातात. बस. पुढे तो दुसऱ्या विषयाकडे वळतो.

मी मात्र त्या वाक्यापाशी थांबलो. रोज संध्याकाळी एक शहर अर्धं रिकामं होतं. दुकान मांडणारा, हिशेब लिहिणारा, उधार देणारा माणूस दिवसभर आत, आणि सूर्य मावळला की दरवाज्याबाहेर. किल्ल्याला दोन मोठे दरवाजे, दर्या दरवाजा आणि जमीन दरवाजा. तुमच्यापैकी बहुतेकांनी लहानपणी तिथे खेळून गुडघे फोडले असतील. त्या जमीन दरवाज्यातून संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या माणसांची रांग डोळ्यांसमोर आणा. आणि सगळेच ख्रिस्ती आत राहत होते असंही समजू नका. आत राहायचे ते मुख्यतः ‘फिदाल्गो’, म्हणजे खानदानी पोर्तुगीज, आणि पाद्री. तुमच्या सांडोरचं सेंट थॉमस चर्च सोळाव्या शतकातलं. म्हणजे फ्रायर आला तेव्हा इथे ते उभं होतं, लोक नांदत होते, घंटा वाजत होती. फ्रायरच्या मोजणीत हे चर्च नाही. तो तटाच्या आतली मोजत होता.

दुसरा पाहुणा माझा आवडता. जेमेल्ली केरी. नेपल्सचा वकील. धंद्यात बस्तान बसेना, वशिला नाही, कंटाळला आणि स्वतःच्या खर्चाने जगाच्या फेरीवर निघाला. राजदूत नाही, मिशनरी नाही, व्यापारीही नाही, नुसता प्रवासी. १६९५ च्या सुरुवातीला तो दमणहून वसईला आला.

केरी चौकस आहे आणि थोडा नकचढा. त्याने तटाचा घेर लिहिला, सुमारे तीन मैल. बुरूज आठ, पण पुरे झालेले नाहीत. रस्ते सरळ आणि रुंद, मधला चौक मोठा. आणि उत्तरेकडचा जवळपास एक तृतीयांश भाग ओस, कारण काही वर्षांपासून साथीचा रोग. हे नीट लक्षात घ्या. आपण शाळेत शिकलो की १७३९ साली वसई पडली. बरोबर. पण त्याच्या ४४ वर्षं आधी आलेला हा माणूस सांगतोय की शहराचा एक तृतीयांश भाग रिकामा आहे आणि बुरूज अपुरे आहेत. शहर पडतं ते एका दिवसात पडत नाही.

केरीने एक लग्न पाहिलं. नवरी फ्रेंच पद्धतीच्या भारी पोशाखात, पण वाजंत्री अशी रडकी की त्याला वाटलं, कोणाला फाशी द्यायला नेताहेत. नवऱ्याने नवरीला उजव्या बाजूला घेतलं नव्हतं, डाव्या हाताला ठेवलं होतं. केरीला हे खटकलं, त्याने विचारलं. उत्तर मिळालं, उजवा हात मोकळा हवा, बाईच्या रक्षणासाठी तलवार उपसावी लागली तर! (हशा) हसा, पण विचारही करा. ओस पडत चाललेल्या शहरात नवरदेव हात तलवारीसाठी मोकळा ठेवून चालतोय.

आणि आता तुमच्या दाराशी येतो. केरी तटाबाहेर पडला. ‘कसबे’ असं तो त्या भागाला म्हणतो, त्याच्या उच्चारात. तिथे पंधरा मैल नुसत्या बागा, असं लिहितो. नाना तऱ्हेची फळझाडं, ऊस, सगळं यंत्रांनी पाणी देऊन हिरवंगार ठेवलेलं. गर्मीत आणि साथीत बडी मंडळी शहर सोडून इथल्या बंगल्यांत येत. त्याने उसाचं गुऱ्हाळही पाहिलं : लाकडाचे दोन मोठे लाट, ते फिरवणारे बैल, कढईत उकळणारा रस, मग मातीच्या भांड्यांत रात्रभर थंड करून साखर. यंत्रं म्हणजे रहाट, दुसरं काय असणार!

इथे मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल. १९८१ साली मी विद्यार्थ्यांची सहल घेऊन वसईला आलो होतो. किल्ला पाहिला, आणि परतताना इकडच्याच एका वाडीत पाणी प्यायला थांबलो. केळी, पानवेल, कडेला बावखल, आणि बावखलाच्या काठावर जुन्या रहाटाचा दगडी कट्टा. वाडीचे मालक पंच्याहत्तरीचे, म्हणजे आज माझं आहे त्या वयाचे. मी विद्वान माणूस, विचारलं, “आजोबा, हा रहाट पोर्तुगीजांनी आणला का?” ते म्हणाले, “आणला असेल बाबा कोणीतरी. बैल आमचा होता.”

मुलं हसली, मीही हसलो. आणि पुण्याला परत जाऊन पुढची कित्येक वर्षं मी वर्गात सांगत राहिलो की वसईच्या बागा ही पोर्तुगीजांची देणगी. याची मला आज लाज वाटते. रहाट या देशात पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीपासून आहे, हे मला तेव्हाही माहीत असायला हवं होतं. त्याहून वाईट म्हणजे मी ज्यांच्या हातचं पाणी प्यायलो त्यांनाच पाहुण्यासारखं वागवलं. नाव परेरा किंवा डाबरे, म्हणून भाषा कोणती, मूळ कुठलं, असे प्रश्न. घरात सामवेदी, वाडवळी नाहीतर कोळी बोली, बाहेर मराठी, चारशे वर्षं आणि त्याच्याही आधीपासून हीच माती, आणि प्रवासी येऊन विचारतो, तुम्ही कुठले? उलट आम्ही पुण्याचे लोक नाताळ म्हणतो, पगार घेतो, लिलाव करतो, चावी हरवतो, घमेलं उचलतो, बटाट्याची भाजी खातो. हे सगळे शब्द पोर्तुगीज. आम्हाला कोणी विचारत नाही.

केरीबद्दलही माझी एक चूक झाली होती, ती दुरुस्त करतो. मी म्हणत असे, केरीला बैल दिसला, बैल हाकणारा दिसला नाही. नीट वाचल्यावर कळलं की तसं नाही. इथल्या बागांच्या वर्णनात तो नाही हे खरं. पण पुढे साष्टीत गेल्यावर केरीने कुळांबद्दल लिहिलं आहे, आणि स्वच्छ लिहिलं आहे : ही माणसं गावमालकाची बांधील आहेत, एका गावातून दुसऱ्या गावात पळून गेली तर मालक त्यांना जबरदस्तीने परत आणतो, म्हणजे गुलामच. ज्यांचे बंगले कसब्याच्या थंड हवेत होते, त्यांचीच ही व्यवस्था. बागेत फिरताना हे त्याला सुचलं नाही. भाताच्या शेतात सुचलं. प्रवाशाचं असंच असतं, सावलीत बसला की हिशेब विसरतो.

१७३९ वर फार बोलत नाही. त्यावर इथे व्याख्यानं पुष्कळ झाली आहेत. धार्मिक जाच होता, अणजूरकर नाईकांसारख्या माणसांनी पेशव्यांकडे खेटे घातले, चिमाजी आप्पांनी दोन वर्षं मोहीम चालवली, शेवटी सुरुंग लावून बुरूज उडवले आणि १६ मे रोजी किल्ला शरण आला. पोर्तुगीज आठवड्याने मानाने बाहेर पडले. राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळायची मुभा तहात होती. घंटा मात्र गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर जी मोठी घंटा आहे, १७२१ साल कोरलेली, ती इथलीच. मी नाशिकला गेलो की तिच्याखाली उभा राहतो. वसई बघायला नेहमी वसईलाच यावं लागतं असं नाही.

तिसरा पाहुणा, बिशप हेबर. कलकत्त्याचा अँग्लिकन बिशप, कवी माणूस. १८२५ मध्ये आला. दरवाज्यावर मुंबईहून आलेला छोटा पहारा, दरवाजे शाबूत, आणि आत एक लहानसं देऊळ नीट राखलेलं. बाकी राहती जागा एकही नाही. नुसती पडकी घरं, पडकी चर्चेस. फार उदास झाला. त्या चर्चेसची बांधणीही त्याला सामान्यच वाटली, हा भाग वेगळा.

याच हेबरची पुढच्या वर्षीची हकिगत ऐका. मार्च १८२६, तंजावर. तिथे त्याला सरफोजीराजे भेटतात, आपले भोसले. हेबर थक्क! हा राजा लाव्हाझिए आणि लिनियसचे दाखले देतो, शेक्सपिअरवर मत देतो. तंजावरबद्दल हेबर आनंदाने लिहितो. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ एप्रिलला, तिरुचिरापल्लीत स्नानाच्या हौदात त्याचा मृत्यू होतो. दक्षिणेतलं शहर हवं होतं ना, हे घ्या. तंजावरला त्याला माणूस भेटला, वसईला भग्नावशेष भेटले. पण वसईत तेव्हा माणसं नव्हती का? होती की! तासा-दीड तासाच्या चालीवर होती, पापडीत, गिरीजला, इथे सांडोरला. रहाट फिरत होते. तो तटाच्या आतच उभा राहून उदास झाला.

दा कुन्हा नावाच्या गोव्याच्या डॉक्टरांनी १८७६ मध्ये चौल आणि वसईच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं, थडग्यांवरचे लेख वाचले, ते मोठं काम आहे. त्यावर पुढच्या वेळी. आज वेळ संपत आला.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे : “पाहुणे आले की आम्ही त्यांना किल्ला दाखवतो. गावात काय दाखवायचं?” ताई, बावखल दाखवा. शिल्लक असेल ते. माझ्या १९८१ च्या वाडीवर मी आज सकाळी गेलो होतो. तिथे इमारत आहे, चार मजली. बावखल बुजवलंय. वॉचमनने विचारलं, कोणाकडे जायचंय? मला नाव सांगता आलं नाही, कारण आजोबांचं नाव मी तेव्हा विचारलंच नव्हतं. केरीने लिहिलेल्या पंधरा मैल बागांतलं किती पाणी उरलंय, हे तुम्ही मोजू शकता. गावात कुठे-कुठे बावखल होतं, कोणाचं, कधी बुजलं, हे वयस्कर माणसांना विचारून एका वहीत लिहा. नकाशा काढा. इतिहासाच्या प्राध्यापकाची गरज नाही, तत्त्वज्ञानाच्या तर नाहीच.

येत्या रविवारी आपण चालत जाणार आहोत, पण उलट्या बाजूने. सुरुवात चर्चपासून, मग वाड्यांमधून पापडी, आणि शेवटी जमीन दरवाजा. सकाळी साडेसहाला निघू. किल्ल्यात सावली कमी आहे, टोपी आणा, पाण्याची बाटली आणा. ज्यांचे गुडघे माझ्यासारखे आहेत त्यांच्यासाठी पापडीहून रिक्षा मिळेल.