फुलाचं पीठ कसं झालं?

गेल्या वीकांताला ताईकडे गेलो होतो. भाची चौथीत आहे. तिच्या इंग्रजी डिक्टेशनच्या वहीत 'आईने पीठ मळलं' अशा अर्थाचं एक वाक्य होतं आणि त्यातल्या पिठाचं स्पेलिंग तिने फुलाचं लिहिलं होतं. लाल शाईची जाड रेघ आणि खाली शेरा, 'केअरलेस!' पोरगी हिरमुसली होती. "मामा, दोन्ही ऐकायला सेमच येतात ना? मी ढ आहे का?"

मुद्दा बरोबर होता. आपल्या देवनागरीत तर दोन्ही 'फ्लॉवर'च लिहून मोकळे होतो. घरी येऊन जरा शोधाशोध केली आणि कळलं की पोरीची चूक तशी चूक नव्हतीच. फक्त पावणेतीनशे वर्षं उशिरा झाली होती!

झालं असं, की १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे फ्रेंच शब्दांची फौजच इंग्रजीत घुसली. त्यात फुलाचा शब्दही आला. फ्रेंचमध्ये दळलेल्या धान्याच्या सगळ्यात बारीक, उत्तम भागाला 'पिठाचं फूल' म्हणायचे. आपलं सपीठच म्हणा ना. त्यामुळे इंग्रजीतही फूल आणि पीठ, दोघांना शब्द एकच. १७५५ साली लंडनमध्ये सॅम्युएल जॉन्सनचा प्रसिद्ध शब्दकोश निघाला, त्यातही हे दोन शब्द वेगळे काढलेले नाहीत. पिठासाठी 'ओ यू आर'वालं स्पेलिंग पक्कं व्हायला १८३० च्या आसपासचा काळ उजाडला.

म्हणजे एकाच कोडच्या दोन ब्रांच झाल्या आणि त्या परत कधी मर्ज झाल्या नाहीत.

अशा जोड्या बऱ्याच आहेत. आमच्या धंद्यातली घ्या. 'इफ'च्या मागोमाग येणारं 'देन' आणि 'ग्रेटर'च्या शेजारचं 'दॅन', दोघं मुळात एकच. १७०० च्या सुमाराला त्यांची स्पेलिंगं कायमची वेगळी झाली. एका 'एफ'चा 'ऑफ' आणि दोन 'एफ'चा 'ऑफ' यांचंही तेच. जोर देऊन उच्चारलेल्या रूपाला जास्तीचा 'एफ' मिळाला, एवढंच.

इंजिनिअरिंगला 'डिस्क्रीट मॅथ्स' होतं. सुटं-सुटं, वेगवेगळं अशा अर्थाचं डिस्क्रीट. मी वर्षभर वहीवर त्याचं दुसरंच स्पेलिंग लिहीत होतो, म्हणजे थोडक्यात 'गुपचूप गणित' शिकत होतो! हे दोन्ही शब्दही 'वेगळं केलेलं' अशा अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दातून आले. मला ते लक्षात राहिलं एका युक्तीने. सुट्या-सुट्या डिस्क्रीटमध्ये 'टी' मध्ये बसून दोन 'ई' वेगळे करतो.

पण सगळ्याच जोड्या अशा सख्ख्या नाहीत हं. 'तिथे' आणि 'त्यांचं' या अर्थांचे दोन 'देअर' घ्या. पहिला जुन्या इंग्रजीतला, दुसरा व्हायकिंग लोकांच्या भाषेतून आलेला. सख्खे नव्हेत, पण उच्चार जुळले.

आता ही भानगड एवढी वाढली कशी? पूर्वी प्रत्येक लेखनिक आपल्या कानाला वाटेल तसं लिहायचा. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि पुढच्या दोन-तीन शतकांत स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं. उच्चार मात्र बदलतच राहिले. नुसतं ऐकून नेमकं स्पेलिंग लिहिणं तेव्हापासून अवघडच.

आपल्याकडेही 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. बोलताना ह्रस्व-दीर्घ कुणाला ऐकू येतं? आपणही लाल शाई खाल्लीच आहे की.

स्पेलिंग शिकवूच नका असं नाही म्हणत मी. परीक्षेत मार्क जातात, पुढे ईमेलमध्ये लाज जाते. पण दोन शब्द समोरासमोर ठेवून 'फरक पाठ कर' म्हणण्यापेक्षा, ते सख्खे भाऊ आहेत की शेजारी, ही गोष्ट आधी सांगितली तर? निदान पोर स्वतःला ढ तरी समजणार नाही.

रविवारी फोनवर भाचीला सगळी गोष्ट सांगितली. जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे त्या जॉन्सनकाकांनाही बाईंनी केअरलेस दिला असता?"

दिला असता. नक्की दिला असता.