पेटी मूळची कुठली?

देवळातले भजन असो, नाट्यसंगीताची मैफल असो की आपल्या मंडळाची आरती, पेटीवाचून काही जमत नाही. 'हार्मोनिअम' हे नाव कार्यक्रमपत्रिकेवर छापण्यापुरते. बोलताना आपण पेटीच म्हणतो. पण मुलांनो, ही पेटी मूळची कुठली असे कुणी विचारले, तर काय उत्तर द्याल? यंदाच्या स्मरणिकेत तिच्या प्रवासाची हकिगत आम्ही मुख्यतः तुमच्यासाठी लिहीत आहोत. मोठ्यांनीही वाचावी. 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न आपल्या बेळगावातल्या मराठी घरांच्याही ओळखीचा आहे.

आधी एक प्रयोग करा. स्टीलची फूटपट्टी टेबलाच्या कडेवर घट्ट दाबून धरा, थोडी बाहेर राहू द्या आणि बाहेरचे टोक टिचकीने उडवा. पट्टी थरथरते आणि 'भुर्रर्र' असा आवाज येतो. बाहेरचा भाग आखूड केला की आवाज उंच होतो, लांब केला की खाली येतो. पेटीचे गुपित एवढेच आहे. तिच्या पोटात पितळेच्या बारीक जिभा ओळीने बसवलेल्या असतात. त्यांना रीड म्हणतात. भाता हलवला की आत हवा कोंडते. बोटाने पट्टी दाबली की त्या स्वराचे भोक उघडते, हवा जिभेखालून निसटते आणि जीभ थरथरू लागते. लांब जिभांचे स्वर खर्जाचे, आखूड जिभांचे तारसप्तकाचे.

अशी थरथरणारी जीभ सर्वांत आधी वाद्यात बसवली ती पूर्व आशियात. चीनमधले 'शेंग' हे तोंडाने फुंकायचे वाद्य म्हणजे एका वाटीत उभ्या केलेल्या बांबूच्या नळ्यांचा जुडगा. हूपेई प्रांतात सुमारे 2,400 वर्षांपूर्वीच्या एका राजाच्या थडग्यात शेंग सापडले आहे. जपानचे 'शो' आणि लाओसचे 'खेन' ही त्याचीच भावंडे. यांची गंमत अशी की श्वास बाहेर सोडला तरी वाजतात आणि आत ओढला तरी वाजतात.

युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस क्रात्सेनश्टाइन नावाच्या शास्त्रज्ञाने आ, ए, ई, ओ, ऊ असे स्वर उच्चारणारे यंत्र बनवले आणि सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळवले. त्यात अशाच जिभा वापरल्या होत्या. पुढे 1829 साली व्हिएन्नात अकॉर्डियनचे पेटंट घेतले गेले आणि 1842 साली पॅरिसच्या अलेक्झांडर दबॅं यांनी हार्मोनिअमचे. ती पेटी टेबलाएवढी होती. खुर्चीवर बसून पायांनी भाता चालवायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचे. मिशनरी आणि युरोपीय कुटुंबांबरोबर ती हिंदुस्थानात आली.

आपल्याकडे गाणे-बजावणे चालते ते बैठकीवर, मांडी घालून. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशात हार्मोनिअमला बैठकीजोगे रूप दिले. पाय गेले, भाता पाठीमागे आला. एक हात भात्यावर आणि एक पट्ट्यांवर. आपले संगीत एका वेळी एकाच सुरावटीचे असल्याने एक हात पुरला. ग्वाल्हेरच्या भैय्या गणपतराव यांनी तिच्यावर ठुमरी रंगवली. मराठी रंगभूमीने तर तिला घरचीच केली. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे पेटीवादनाने नावारूपाला आले, आणि 1911 च्या 'संगीत मानापमान' नाटकाच्या चालीही त्यांच्याच.

तरीही तिला परकी ठरवले गेले. 1940 साली आकाशवाणीने पेटीला आपल्या केंद्रांवर बंदी केली. रवींद्रनाथ टागोरांनाही ती पसंत नव्हती. आक्षेप खोटा नव्हता. गळा किंवा सारंगी एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाते, त्याला मींड म्हणतात. पेटीचे स्वर जिन्याच्या पायऱ्यांसारखे वेगवेगळे. मधली घसरण तिला नाही. शिवाय सप्तकाचे तिचे बारा स्वर कायमचे ठरलेले, रागाप्रमाणे किंचित चढवता-उतरवता येत नाहीत. ही बंदी सैल व्हायला सुमारे तीन दशके लागली.

तेवढा काळ पेटी गप्प बसली नाही. भजनात, नाटकात, खासगी मैफलीत वाजतच राहिली. वादकांनी बोटे हलकी केली, भात्याचा दाब सांभाळला आणि मींड नसली तरी तिचा भास उभा केला. गोव्यात बोरीला जन्मलेले तुळशीदास बोरकर हे पी. मधुकर यांचे शिष्य. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या बेळगावात रामभाऊ विजापुरे (1917–2010) यांनी कित्येक थोर गायकांची साथ केली आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी घडवले. त्यांच्या शिष्यांत मराठी घरांतले होते तसेच कन्नड घरांतलेही. अभंग असो वा वचन, पेटीने कधी भेद केला नाही.

म्हणून मुलांनो, पेटी मूळची कुठली याचे उत्तर एका गावाच्या नावात देता येणार नाही. जीभ पूर्वेची, पट्ट्या युरोपच्या, बैठक कोलकात्याची आणि बोटे आपली. ती आपली झाली ती कुणी दाखला दिला म्हणून नव्हे. रोज वाजवणारे हात मिळाले म्हणून. हात थांबले, तर हीच पेटी माळ्यावर धूळ खात पडेल. आज मोबाइलवरची आरती स्पीकरला जोडणे सोपे झाले आहे, म्हणून ही काळजी वाटते.

यंदा दहा दिवसांत एकदा तरी पेटीजवळ बसा. वरचे झाकण उघडून दाखवायला वादककाकांना सांगा. मग भात्यावर हात ठेवा आणि 'सा' शोधा. मंडळाची पेटी तुमचीच आहे.

गणपती बाप्पा मोरया!