शेवटच्या कडव्यातलं नाव

एप्रिलमध्ये भीमजयंतीच्या रात्री वस्तीत गायन पार्टी बसते, तेव्हा गाणं संपण्याआधी एक ठरलेली जागा येते. पेटीवाला सूर धरून ठेवतो, ढोलकी जरा दबते आणि गायक शेवटच्या कडव्यात गीतकाराचं नाव घेतो. गाणं वामनदादा कर्डकांचं असेल तर तिथे ‘वामन’ येतो. म्हातारी माणसं मान डोलावतात. कुणी उठून पेटीवर नोट ठेवतं आणि बक्षीस देणाऱ्याचं नाव माइकवरून पुकारलं जातं. चोखोबा-तुकोबांच्या अभंगांपासून शाहिरांच्या कवनांपर्यंत चालत आलेली ही नाममुद्रा भीमगीतांनी सहज उचलली. गाणं गावोगाव फिरायचं आणि नाव त्याच्या पोटात बसून सोबत जायचं.

गाणं ज्या यंत्रावर स्वार झालं, त्या यंत्राने या नावाचं काय केलं, हा गेल्या शंभर वर्षांचा एक महत्त्वाचा आणि फारसा न लिहिला गेलेला इतिहास आहे.

सुरुवात छापखान्यापासून होते. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केलं. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. ‘केसरी’ने मात्र या पत्राची जाहिरात पैसे देऊनही छापायला नकार दिला होता. पुढे १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ आलं. पत्रं निघाली, पण ज्यांच्यासाठी ती निघत होती त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. एक जण वाचायचा आणि बाकीचे भोवती बसून ऐकायचे. हे ऐकणं फार दूरवर नेलं ते जलशाने.

सत्यशोधक जलशाच्या वाटेनेच आंबेडकरी जलसा आला. साचा तमाशाचा, पण शृंगाराला फाटा दिलेला. बतावणीत पाणवठा, शाळा, दारू, सावकार हे विषय. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांची मंडळी १९३०च्या दशकात असे जलसे घेऊन हिंडली. आपल्या दहा सभांचं काम कर्डकांचा एक जलसा करतो असं बाबासाहेब म्हणाल्याची आठवण चळवळीत आजही सांगितली जाते. जलशाला ना भांडवल लागे ना परवाना देणारा मालक. एक पेट्रोमॅक्स, एक ढोलकी, पाच-सात माणसं. गाणं किती लांबवायचं ते समोर बसलेली माणसं ठरवायची.

वामनदादा याच मातीतले. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत त्यांचा जन्म झाला आणि पोटासाठी ते मुंबईत आले. तरुणपणी कुणीतरी त्यांच्यापुढे एक पत्र धरलं आणि वाचून दाखवायला सांगितलं. त्यांना वाचता येईना. ती लाज जिव्हारी लागली. मग ते अक्षरं शिकले, दुकानांवरच्या पाट्या वाचत वाचत वाचायला लागले. पुढे त्याच माणसाने हजारो गाणी लिहिली. त्यांच्या शेवटच्या कडव्यातला ‘वामन’ वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. उशिरा हाती आलेल्या अक्षरांनी लिहिलेली ती सही आहे.

मग कॅसेट आली. १९८०च्या दशकात टेपरेकॉर्डर चाळीत आणि झोपडीत पोहोचला आणि गायन पार्टीचा आवाज विकत मिळू लागला. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर यांच्या गाण्यांचे आणि कव्वालीच्या सामन्यांचे फड गाजले होतेच. आता त्या गाण्याला रात्र जागवायची गरज उरली नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला अर्धा तास मिळे. ग्रामोफोनच्या तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांपुढे ही चैनच होती. कडवी पुरती बसायची, शेवटचंही. नाव मात्र वेष्टणावर आक्रसलं. वर गायकाचा मोठा फोटो, खाली कंपनीचं चिन्ह आणि गीतकार कोपऱ्यात बारीक अक्षरांत. कधी तेवढाही नाही. गीतकाराच्या हाती बहुधा एकदाच ठरलेली रक्कम पडायची. त्याचा वाटा त्याच्याकडून काढून घेता येणार नाही अशी तरतूद कॉपीराइट कायद्यात झाली ती थेट २०१२ साली. वामनदादा २००४ सालीच गेले होते.

कॅमेऱ्यानेही या परंपरेत आपली जागा करून घेतली. शाहीर विलास घोगरे आनंद पटवर्धनांच्या १९८५च्या ‘हमारा शहर’मध्ये गाताना दिसतात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात आंबेडकर पुतळ्याच्या विटंबनेवरून लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण मारले गेले. त्या धक्क्यात काही दिवसांतच घोगऱ्यांनी जीवन संपवलं. पटवर्धन पुढची चौदा वर्षं हा धागा धरून वस्त्यांमध्ये चित्रण करत राहिले. त्यातून झालेला ‘जय भीम कॉम्रेड’ तीन तासांहून मोठा आहे. त्यात गाणी पुरती ऐकू येतात आणि गाणाऱ्याचं नाव कळतं. वस्त्यांमध्येच पडदा लावून तो दाखवला गेला.

इंटरनेटचं वळण खैरलांजीने दाखवलं. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या या गावात भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. तीनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, शेजारच्या नागपुरात धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवासाठी लाखो लोक दीक्षाभूमीवर जमले. इतक्या जवळ असूनही घटनेचं खरं रूप त्या गर्दीपर्यंत नीट पोहोचलं नाही. सुरुवातीच्या बातम्या त्रोटक होत्या, काहींनी अनैतिक संबंधांचा रंग दिला. मग छायाचित्रं ईमेलमधून, मोबाइलमधून हातोहात फिरू लागली आणि नोव्हेंबरात विदर्भातल्या शहरांमध्ये लोक रस्त्यावर उतरले. या आंदोलनामागे नक्षलवादी असल्याचा संशय तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी बोलून दाखवला. एखादी बातमी संपादकाच्या टेबलाला वळसा घालून माणसांपर्यंत पोहोचू शकते, हे सत्ताधाऱ्यांना तोवर उमगलेलं नव्हतं.

मोबाइलमुळे गाणं खिशात आलं. खिशातलं गाणं चारचौघांत वाजतं आणि चारचौघांत गाणं वाजवण्याचा हक्क या समाजाला सहजासहजी मिळालेला नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाच्या फोनची रिंगटोन वाजली. ते बाबासाहेबांवरचं गाणं होतं. त्यावरून वाद झाला आणि त्या मुलाचा खून झाला, अशी फिर्याद पोलिसांत नोंदली गेली. तो परिचारकाचं शिक्षण घेत होता. डिजिटल युगात जुन्या भिंती आपोआप पडतील असं मानणाऱ्या प्रत्येकाने ही घटना पुन्हा पुन्हा आठवली पाहिजे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि यूट्यूब वस्तीतलं घरगुती यंत्र बनलं. औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन दारोदार गात. कुणीतरी फोनवर केलेलं त्यांच्या गाण्याचं चित्रण पसरलं आणि जयंतीच्या मोठ्या मंचांवर त्यांना मानाने बोलावणी येऊ लागली. भोपळा, बांबू आणि एक तार एवढंच त्यांचं वाद्य. कोणत्याही कंपनीने त्यांना शोधलं नव्हतं. दुसरीकडे २०१९ साली ‘स्टार प्रवाह’वर बाबासाहेबांवरची मालिका सुरू झाली आणि तिचं शीर्षकगीत प्रल्हाद शिंदे यांचे नातू आदर्श शिंदे यांनी गायलं. ज्या घराण्याने गायन पार्टी गाजवली, त्याचा आवाज रोज रात्री सगळ्या जातींच्या दिवाणखान्यांत शिरला. ही लहानसहान गोष्ट नव्हे.

वाचनाचंही तसंच. ‘मूकनायक’ हे नाव घेऊन मीना कोतवाल यांनी २०२१ साली हिंदी-इंग्रजी डिजिटल माध्यम सुरू केलं. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड महाराष्ट्र शासन १९७९पासून काढत आलं आहे, पण अनेक खंड वर्षानुवर्षं दुकानात मिळत नसत. ते खंड आता पीडीएफ रूपात फोनवर उघडतात आणि खेड्यातली मुलगी रात्री पांघरुणात फोन घेऊन ते वाचू शकते. चावडीवर एकाने वाचायचं आणि दहांनी ऐकायचं, ही सक्ती तरी संपली.

पण गाण्याची लांबी पुन्हा यंत्राच्या हाती गेली. टिकटॉकवर खेड्यापाड्यातल्या मुलामुलींनी भीमगीतांचे तुकडे उत्साहाने केले. २९ जून २०२० रोजी सरकारने त्या ॲपवर बंदी घातली आणि त्यांचे प्रेक्षक एका दिवसात गेले. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामची रील भारतात आली, तेव्हा ती पंधरा सेकंदांची होती. पंधरा सेकंदांत ध्रुपद बसतं, फार तर पहिल्या कडव्याची तोंडओळख. निळा झेंडा फडकतो, डीजेचा ठोका पडतो, गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. नाव असतं शेवटी. तिथवर रील जातच नाही. ज्याने पाट्या वाचत अक्षरं गोळा केली, त्याची सही नेमकी तेवढीच कापली जाते, आणि लाखो लोक ते गाणं ‘पारंपरिक’ समजून ऐकतात.

यावर काम करणारी माणसं आहेत. जुन्या गायकांकडच्या वह्या मागून आणायच्या, पिवळ्या पडलेल्या पानांचे फोटो काढायचे, कॅसेटची फीत पेन्सिलीने नीट गुंडाळून संगणकावर उतरवायची आणि व्हिडिओखाली गीतकार, गायक, पेटी, ढोलकी अशी नावं लिहायची, हे त्यांचं काम. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या गर्दीत गीतांच्या पातळ पुस्तिका आजही मांडलेल्या असतात. घेणारा तिथेच उभ्या उभ्या पान उलटतो, गुणगुणत पहिलं, दुसरं, तिसरं कडवं ओलांडतो आणि शेवटच्या कडव्यातल्या नावाशी त्याचं बोट थांबतं.